लष्कराच्या शाळेतले संजय

टेबलाच्या एका बाजूला शिष्य, दुसऱ्या बाजूला गुरू. शिष्यासमोर कोरे कागद आणि एक साधे पेन. गुरू दोन आकडे वाचतो, एक अक्षांश आणि एक रेखांश. आकडे कानी पडताच शिष्याने अजिबात विचार न करता कागदावर एक रेघोटी ओढायची आणि ती ओढताना हाताला काय जाणवले ते सांगायचे. कठीण की मऊ, ओले की कोरडे, माणसाने बांधलेले की निसर्गातले? मग दुसरी फेरी: रंग, वास, आवाज, गारवा-उष्णता. तिसऱ्या फेरीत उंची, रुंदी आणि कच्चे रेखाचित्र. अशा सहा पायऱ्या चढून गेल्यावर शिष्य मातीचा गोळा घेऊन हजारो मैलांवरच्या, कधीही न पाहिलेल्या जागेची प्रतिकृती बनवणार!

हा वर्ग एखाद्या बुवाच्या मठात भरत नव्हता. शिष्य अमेरिकेच्या लष्करी गुप्तवार्ता विभागातले अधिकारी होते आणि त्यांचे पगार सरकारी तिजोरीतून निघत होते. मेरीलँड राज्यातल्या फोर्ट मीड या लष्करी तळावर, जुन्या लाकडी इमारतींमध्ये, या विद्येचे एक पथक १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९५ पर्यंत काम करत होते. शिकवण्याची पद्धत लिहून ठेवणारी एक पुस्तिका १९८६ साली तयार झाली. आज ती कोणालाही वाचता येते. आपण शिक्षक आहोत, तेव्हा या अभ्यासक्रमाकडे अभ्यासक्रम म्हणूनच पाहू या. विद्यार्थ्याला नेमके काय शिकवले जात होते आणि तो शिकला की नाही हे कसे ठरत होते?

आधी नावाचा प्रश्न. इंग्रजीत या प्रकाराला ‘रिमोट व्ह्यूइंग’ म्हणतात. त्याचे सरळ मराठी ‘दूरदर्शन’ व्हावे, पण तो शब्द घराघरातल्या पेटीने कधीच पळवला. ‘दूरदृष्टी’ हा तर गुण आहे, तो इथे कोणालाच चिकटवता येणार नाही. म्हणून या लेखापुरते ‘दूरवेध’ म्हणू. हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्रावरचे युद्ध धृतराष्ट्राला सांगणारा संजय आपल्याला ठाऊक आहेच. अमेरिकन लष्कराला असे संजय हवे होते, आणि ते वरदानाने मिळणारे नव्हेत, प्रशिक्षणाने घडवलेले.

स्पर्धा कोणाशी?

१९७० साली ‘लोखंडी पडद्यामागील’ अतींद्रिय संशोधनावर एक पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि खूप खपले. सोव्हिएत संघ या विषयावर भरपूर खर्च करत असल्याचा त्यात दावा होता. शीतयुद्धाच्या काळातले तर्कशास्त्र साधे असे: शत्रूकडे ते असेल, तर आपल्याकडेही हवे, नसेल, तर नसल्याची खात्री हवी. १९७२ मध्ये सीआयएने कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या दोन भौतिकशास्त्रज्ञांना पैसे दिले. हॅरल्ड पुथॉफ आणि रसेल टार्ग ही त्यांची नावे. दोघेही लेसरवर काम केलेले. त्यांच्याकडे इंगो स्वान हा न्यूयॉर्कचा चित्रकार आणि पॅट प्राइस हा माजी पोलीस अधिकारी असे दोन ‘गुणी’ लोक आले. सहा पायऱ्यांचा अभ्यासक्रम पुढे मुख्यतः स्वानने बांधला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्करातले काही निवडक अधिकारी त्याच्याकडे शिकायला गेले.

या प्रकल्पाची नावे वरचेवर बदलत गेली. ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक आणि १९९१ पासून स्टारगेट. नाव बदलले की खाते बदलायचे, खाते बदलले की नवा अधिकारी नव्या उमेदीने बघायचा. सरकारी प्रकल्प असे दीर्घायुषी होतात, हे आपल्याकडेही कोणाला समजावून सांगायला नको.

पुस्तिकेत काय आहे?

पुस्तिकेची भाषा विजेच्या अभियांत्रिकीतून उचललेली आहे. विश्वातल्या साऱ्या माहितीचा एक साठा आहे, त्यातून एक ‘संदेशवाहिनी’ निघते, तिच्यावर ‘वाहक लहर’ असते, दूरवेध्याच्या मनाचे ‘छिद्र’ उघडले की संदेश आत येतो आणि त्यात ‘गोंगाट’ मिसळतो, वगैरे. आम्ही प्रयोगशाळेत संदेश आणि गोंगाट हे शब्द रोज वापरतो, पण त्यामागे मोजता येणारी राशी असते. तिचे एकक असते आणि ती किती आहे हे दुसऱ्या माणसालाही दाखवता येते. पुस्तिकेतल्या वाहक लहरीची वारंवारता, तरंगलांबी, शक्ती यांपैकी काहीही कुणीही कधी मोजलेले नाही. शब्द आहेत, मोजमाप नाही.

अक्षांश-रेखांशाचा मुद्दाही गमतीचा आहे. शून्य रेखांश ग्रिनिचमधून जातो, कारण १८८४ साली वॉशिंग्टनमध्ये भरलेल्या परिषदेत तसे ठरले. आपल्या जुन्या ज्योतिर्गणितात तो मान उज्जयिनीला होता. समजा परिषदेने उज्जैन निवडले असते, तर पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेचा रेखांश वेगळा झाला असता. मग शिष्याच्या हाताला जे ‘जाणवते’ ते जागेमुळे की परिषदेतल्या मतदानामुळे? शिवाय ज्याला नकाशा चांगला पाठ आहे, त्याला आकडे ऐकून समुद्र की वाळवंट एवढा अंदाज सहज येतो. हा आक्षेप आल्यावर पुढे अक्षांश-रेखांश सोडून कोणतेही यादृच्छिक अंक द्यायला सुरुवात झाली. त्या अंकांनीही काम तितकेच चांगले होते, असे दूरवेधी सांगू लागले! म्हणजे अंकांत माहिती नव्हतीच. इथे थांबून विचार करायला हवा होता, पण समजूत अशी करून घेतली गेली की ही विद्या वाटली त्याहूनही अद्भुत आहे.

माझ्या मते पुस्तिकेतला सर्वात महत्त्वाचा भाग प्रशिक्षकाने द्यायच्या प्रतिसादाबद्दल आहे. सुरुवातीच्या सत्रांत समोर बसलेल्या प्रशिक्षकाला लक्ष्यस्थान काय आहे ते ठाऊक असते. शिष्य एकेक शब्द बोलतो आणि प्रशिक्षक लगेच सांगतो: ‘बरोबर’, ‘बहुधा बरोबर’, ‘जवळपास’, ‘याबद्दल सांगता येत नाही’. ‘चूक’ हा शेरा मात्र द्यायचा नाही. नकाराने शिष्य बिचकतो, असे कारण दिलेले आहे. आता असे समजा की लक्ष्य आहे एक धरण. शिष्य म्हणतो, ‘उंच’. बरोबर. ‘झाडे’. सांगता येत नाही. ‘करडे’. बरोबर. ‘ओले’. बरोबर. ‘माणसे’. जवळपास. उंच, करडे, ओले! एवढ्यावर आठवीतला मुलगाही धरण, पूल किंवा दीपगृह अशी तीन नावे सांगेल आणि ‘बांधलेले’ या शब्दाला ‘बरोबर’ मिळाले की उरलेले काम आणखी सोपे. ‘सांगता येत नाही’ म्हणजे सौम्य शब्दांत ‘हा रस्ता सोड’. शिष्य खरोखर काहीतरी शिकतो आहे, पण तो प्रशिक्षकाला वाचायला शिकतो आहे.

हा प्रकार विज्ञानाला नवा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा गणिते सोडवत असे. उत्तर सातचे असेल तर तो पायाने सात टापा मारून थांबे. १९०४ मध्ये एका समितीने तपासणी केली, तेव्हा लबाडी काही सापडली नाही. लबाडी नव्हतीच. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये उलगडा केला. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्सला काहीच येत नसे. योग्य टाप पडताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, तेवढे घोड्याला पुरे होते. फोर्ट मीडच्या वर्गात तर खूण नकळत द्यायचीही गरज नव्हती. ती तोंडी आणि नियमानुसार दिली जात होती.

पुस्तिकेत पुढच्या, वरच्या दर्जाच्या सत्रांत दोघांनाही लक्ष्य ठाऊक नसावे असे म्हटले आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण तिथे दुसरी पळवाट तयार होती. शिष्याच्या मनात एखाद्या वस्तूचे थेट नाव आले, उदाहरणार्थ ‘हे आयफेल टॉवरसारखे आहे’, की ते मनाचे ‘विश्लेषणाचे आवरण’ समजायचे, कागदाच्या कडेला लिहून टाकायचे आणि पुढे जायचे. यात मानसशास्त्राच्या दृष्टीने शहाणपण आहे. पहिल्या अंदाजाला चिकटून बसू नये, हे आपणही मुलांना सांगतोच. प्रश्न मूल्यमापनाचा आहे. आयफेल टॉवर चुकला तर ते केवळ आवरण होते, म्हणून मोजायचे नाही. आणि लक्ष्य एखादा मनोरा निघाला तर शिष्याला तो दिसलाच होता! ज्या परीक्षेत चुकीचे उत्तर गुण कापत नाही आणि बरोबर उत्तर गुण देते, तिचा निकाल चांगलाच लागणार.

नऊ जागांचा प्रयोग

ऑक्टोबर १९७४ मध्ये टार्ग आणि पुथॉफ यांचा निबंध ‘नेचर’ या प्रतिष्ठित साप्ताहिकात छापून आला. परीक्षकांना निबंधात त्रुटी दिसल्या होत्या, हे संपादकांनी त्याच अंकात मोकळेपणाने लिहिले होते. पण जगाच्या लक्षात राहिले ते एवढेच की ‘नेचर’ने छापले. त्यातला प्राइसबरोबरचा प्रयोग असा होता. एक गट मोटारीने आसपासच्या एखाद्या ठिकाणी जायचा. संस्थेत बसलेला प्राइस तिथले वर्णन बोलायचा आणि ते ध्वनिमुद्रित व्हायचे. अशी नऊ ठिकाणे झाली. त्यांत उंच मनोरा, पाणथळ उद्यान, रेडिओ दुर्बीण, पोहण्याचा तलाव अशा जागा होत्या. मग एका परीक्षकाला नऊ उतारे आणि नऊ ठिकाणांची यादी दिली. त्याने प्रत्येक जागी जाऊन उतारे पडताळले. नऊपैकी सात ठिकाणी त्याने योग्य उताऱ्याला पहिला क्रमांक दिला.

हे किती आश्चर्याचे आहे ते वर्गात काढून पाहता येईल. नऊ उतारे नऊ जागांशी डोळे मिटून जुळवले, तर सरासरी एक जोडी बरोबर येते. (नऊच्या जागी कितीही संख्या घ्या, सरासरी एकच येते. अकरावीच्या मुलांना हे सिद्ध करायला द्यावे.) एकूण जुळण्या ९! म्हणजे ३,६२,८८०. त्यांपैकी नेमक्या सात जोड्या बरोबर असणाऱ्या ३६ आणि सगळ्या नऊ बरोबर असणारी १. आठ बरोबर येऊच शकत नाहीत, का ते मुलेच सांगतील. म्हणजे सात किंवा अधिक जोड्या योगायोगाने जुळण्याची शक्यता सुमारे दहा हजारांत एक. तेव्हा हा योगायोग नव्हे, हे मान्य करू.

पण योगायोग नसेल तर अतींद्रिय शक्तीच असली पाहिजे का? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातले डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन हे दोन मानसशास्त्रज्ञ नेमके इथे थांबले. त्यांनी आधी स्वतः असे ३५ प्रयोग करून पाहिले, यश आले नाही. मग त्यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगातले मूळ उतारे मिळवून वाचले. उताऱ्यांत वर्णनाखेरीज इतर गप्पाही होत्या. कुठे आदल्या दिवशीच्या दोन ठिकाणांचा उल्लेख, कुठे आधी पाहिलेल्या जागेचे नाव. परीक्षकाला ठिकाणांची जी यादी दिली होती, ती नेमकी भेटीच्या क्रमाने होती! म्हणजे उतारा कितव्या क्रमाचा आहे एवढे कळले की ठिकाण कळले. मार्क्स यांनी एकाही जागी न जाता, केवळ अशा खुणांवरून, उतारे बिनचूक जुळवून दाखवले. त्यांचा हा निबंध १९७८ मध्ये ‘नेचर’मध्येच आला. नंतर खुणा काढून टाकलेले उतारे पुन्हा तपासल्याचा आणि तरीही परिणाम टिकल्याचा दावा १९८० मध्ये झाला. ते उतारे मार्क्स यांच्या हाती पडायला १९८५ साल उजाडले आणि त्यांत खुणा अजूनही शिल्लक असल्याचे १९८६ मध्ये छापून आले.

यात कोणी जाणूनबुजून फसवले, असे म्हणायला जागा नाही. पत्ते पिसायचे राहिले, एवढेच. पण त्या एका न पिसलेल्या यादीवर पुढची वीस वर्षे उभी राहिली. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा हीच काळजी आधी घेतली होती. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्यांवर केवळ संकेतक्रमांक होते आणि कोणती कुंडली कोणाची, हे ज्योतिष्यांशी संबंध येणाऱ्यांना ठाऊक नव्हते. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासल्या आणि सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी ५० टक्क्यांच्या आसपास आली असती.

रणांगणावर

प्रयोगशाळेतला वाद चालू असतानाच दूरवेध प्रत्यक्ष कामाला लावला गेला. तेहरानमधल्या अमेरिकन ओलिसांच्या वेळी कितीतरी सत्रे झाली. १७ डिसेंबर १९८१ रोजी इटलीत व्हेरोना इथे ब्रिगेडिअर जनरल जेम्स डोझियर यांचे ‘रेड ब्रिगेड्स’ने अपहरण केले, तेव्हाही दूरवेध्यांना विचारण्यात आले. डोझियर सुटले ते २८ जानेवारी १९८२ रोजी, पादुआ शहरातल्या एका सदनिकेतून. इटालियन पोलिसांनी नेहमीच्या तपासाने, अटक केलेल्यांच्या जबान्यांवरून तिथवर माग काढला होता. अशा वेळी वर्णनांचा ढीग येतो आणि प्रत्येक वर्णन तपासायला माणसे लागतात. ओलीस ठेवलेल्या माणसाकडे तेवढा वेळ असतोच असे नाही.

यशाच्या गोष्टीही सांगितल्या जातात. १९७४ मध्ये प्राइसने सोव्हिएत संघातल्या सेमिपालातिन्स्कच्या एका गुप्त केंद्राचे वर्णन करताना एका प्रचंड, रुळांवरून सरकणाऱ्या क्रेनचे चित्र काढले होते आणि उपग्रहाच्या छायाचित्रात तशी क्रेन होती. गोष्ट इथेच संपवली तर अंगावर काटा येतो. पण प्राइसने त्याबरोबर सांगितलेल्या इतर अनेक गोष्टी तिथे नव्हत्याच. आणि उपग्रहाचे छायाचित्र आधीच हाती होते, म्हणून तर क्रेन बरोबर ठरवता आली! ते नसते, तर दहा विधानांतले कोणते उचलायचे हे अधिकाऱ्याला कोण सांगणार? उत्तर ठाऊक झाल्यावरच उपयोगी पडणारी माहिती हेरखात्याच्या कामाची नाही.

लष्कराने स्वतःच सल्ला मागितल्यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८८ मध्ये कळवले, की १३० वर्षांच्या संशोधनातून अतींद्रिय घटनांना कोणताही शास्त्रीय आधार मिळालेला नाही. प्रकल्प तरीही चालू राहिला. १९९५ मध्ये अमेरिकन संसदेने तो सीआयएकडे सोपवायचे ठरवले, तेव्हा सीआयएने बाहेरच्या संस्थेकडून परीक्षण करून घेतले. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स आणि मानसशास्त्रज्ञ रे हायमन असे दोन परस्परविरुद्ध मतांचे तज्ज्ञ मुद्दाम निवडले होते. अट्स यांच्या मते परिणाम लहान असला तरी संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाला होता. हायमन यांचे उत्तर मला अधिक पटते. आकडे केवळ योगायोगाचे नाहीत, हे त्यांनीही मान्य केले. पण ‘योगायोग नव्हे’ आणि ‘अतींद्रिय शक्ती आहे’ यांच्यामध्ये मोठी दरी आहे. उतारे पडताळणारा परीक्षक त्या प्रयोगांत एकच होता, तोही प्रकल्पाचा मुख्य संशोधक, आणि दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेत तेच निष्कर्ष मिळाले नव्हते.

हेरगिरीच्या उपयोगाबद्दल अहवालात संदिग्धता नव्हती. दूरवेधातून मिळालेली माहिती मोघम असे, तपशिलात चुके आणि ती वाचणाऱ्याला पदरचा बराच अर्थ घालावा लागे. तिच्या आधारावर एकही गुप्तवार्ता मोहीम आखली गेली नव्हती. अट्स यांचे म्हणणे पूर्ण मान्य केले तरी यात फरक पडत नाही. कारण प्रयोगात परीक्षकासमोर पाच चित्रे असतात आणि त्यांतले एक निवडायचे असते. डोझियर कुठे आहेत, या प्रश्नाला पाच चित्रे नसतात. १९९५ मध्येच प्रकल्प बंद झाला, तेव्हा पथकात तीनच दूरवेधी उरले होते. एकंदर खर्च सुमारे दोन कोटी डॉलर. पुढे काही माजी अधिकाऱ्यांनी हीच विद्या शुल्क घेऊन नागरिकांना शिकवायला सुरुवात केली.

वर्गात करून पाहायचे असेल तर

एकमेकांपासून अगदी वेगळी अशी पाच चित्रे घ्यावीत: बोट, डोंगर, आगगाडी, झाड, देऊळ. एका शिक्षकाने वेगळ्या खोलीत फासा टाकून एक चित्र निवडावे (सहा पडल्यास पुन्हा टाकावा) आणि पाकिटात बंद करावे. दुसऱ्या शिक्षकाला निवड ठाऊक नसावी. त्याने विद्यार्थ्याचे वर्णन जसेच्या तसे लिहून घ्यावे. असे वीस वेळा करावे. मग तिसऱ्या व्यक्तीने प्रत्येक वर्णन वाचून पाचांतले एक चित्र निवडावे. योगायोगाने सरासरी चार बरोबर येतील. आठ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे तीन टक्के आहे. म्हणजे चाळीस शाळांनी हा प्रयोग केला, तर एखाद्या शाळेत तरी आठ बरोबर आलेले असणे स्वाभाविक आहे. ज्या शाळेत तीन आले ती शाळा आपल्याला पत्र लिहिणार नाही आणि ज्या शाळेत आठ आले ती लिहिल्याशिवाय राहणार नाही, म्हणून प्रयोगाआधीच सर्व शाळांची नावे नोंदवून घ्यावीत आणि सर्वांचे निकाल मागवावेत.

आणखी तीन गोष्टी सांभाळाव्यात. वर्णनांतले ‘काल’, ‘मघाशी’, ‘मागच्या वेळेसारखे’ असे शब्द परीक्षकाकडे देण्यापूर्वी काढून टाकावेत. वीस कागद चांगले पिसावेत. आणि पाकिटात गेलेले चित्र हाताळलेले असते, त्याचा कोपरा दुमडतो, त्यावर बोटांचे डाग पडतात. म्हणून परीक्षकाला त्याच पाच चित्रांचा दुसरा, कोणाचाही हात न लागलेला संच द्यावा.